भट्टीपाशी एकच शब्द

आमच्या कारखान्यात 'जाऊ दे' या शब्दांना एकच अर्थ होता आणि तो बाबांनी ठरवून दिला होता. भट्टीतलं पातं पुरतं तापलं, रंग मुठीकडच्या टोकापासून थेट अणीपर्यंत सारखा आला, की खाली बसलेल्याने म्हणायचं, "जाऊ दे." वर उभ्या असलेल्याने त्याच श्वासात पातं उचलायचं आणि शेजारच्या तेलाच्या नळ्यात सरळ खाली सोडायचं. विचारायचं नाही, वाकून बघायचं नाही, 'काय म्हणालास' म्हणायचं नाही.

लोकांना वाटतं, तलवार म्हणजे सगळी घणाची करामत. घणाने आकार येतो, बाकी काही येत नाही. घडवून, घासून झालेलं पातं गुडघ्यावर दाबलं तर तसंच वाकून राहतं. त्याला वाकून परत सरळ व्हायला शिकवायचं तर पाणी द्यावं लागतं. आम्ही 'पाणी देणं' म्हणतो खरं, पण देतो तेल. गिऱ्हाइकांना हे सांगितलं की ते हमखास हसतात, म्हणून मी हमखास सांगते.

छातीपर्यंत येणारं लांब पातं आडवं तापवलं तर स्वतःच्याच वजनाने वाकतं. म्हणून आमची भट्टी उभी आहे. पुरुषभर उंचीचा नळा, आतून विटांचा, तळाशी गॅसची ज्योत, वर उघडं तोंड आणि एका बाजूला बोटभर रुंद उभी फट. दोन पायऱ्यांच्या लाकडी ओट्यावर उभं राहून लांब सांडशीने पातं आत टांगायचं. वरच्या माणसाला खाली नुसता झगमगाट दिसतो. रंग दिसतो तो फटीतून आणि तिथे गुडघे टेकून बसावं लागतं. असं हे दोन माणसांचं काम, एकाचे डोळे आणि एकाचे हात. भर दुपारी खिडक्यांना काळे पडदे लावून चालायचं, कारण उजेडात रंग फसवतो.

बाबांचा दुसरा नियम असा होता, की भट्टी पेटलेली असताना दुसरं काही बोलायचं नाही. खोकला आला तरी त्यांचे डोळे वटारलेले असायचे. बाबा फटीपाशी बसत, दादा ओट्यावर उभा राहायचा आणि मी बाहेर कानस चालवत बसायचे. बाबा गेले तेव्हा दादा दोन पायऱ्या उतरून फटीपाशी आला आणि मी दोन पायऱ्या चढले. कुणाची बढती झाली यावर आम्ही बरेच दिवस एकमेकांना चिडवत होतो.

दादाची नजर बाबांच्या वरताण होती, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. मी वर उभी राहून नुसती कान देऊन असायचे. "जाऊ दे" ऐकलं की हात आपोआप चालत. नऊ वर्षांत एकही पातं मऊ राहिलं नाही.

मग ते ठिपक्याचं भांडण झालं.

मुठीच्या आत पात्याचं जे शेपूट जातं, त्यावर बाबा तीन ठिपके ठोकत. ती आमची खूण. मूठ बसवली की ती कायमची झाकली जाते, पुन्हा कुणाला दिसत नाही. त्या वर्षी मी पहिल्यांदा एक पातं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीने घडवलं होतं आणि मला त्यावर चौथा ठिपका हवा होता. दादा म्हणाला, "खूण आहे ती. हजेरीचा तक्ता नाही."

हा नुसता विनोद होता. पण मला घरात सगळे ठिणगी म्हणतात ते उगाच नाही. मी डोक्यात राख घालून घेतली. बाबांचं नाव पुढे करून तू स्वतःचंच घोडं दामटतोस, इथपासून ते लहानपणी माझी सायकल कुणी मोडली इथपर्यंत सगळं काढलं. त्यानेही तोंड सोडलं. कुणालाही कधीही दिसणार नाही अशा एका ठिपक्यावरून आम्ही दोघं चार दिवस बोललो नाही. बोलायचो ते फक्त कामाचं, तेही जेवढ्यास तेवढं. "गॅस." "सांडशी." "जाऊ दे."

पाचव्या दिवशी तेच माझं पातं भट्टीत होतं. मी ओट्यावर, दादा खाली. पडदे लावलेले. ज्योतीचा घोंघावणारा आवाज आणि तापलेल्या विटांचा वास. मी त्याच्याकडे बघत नव्हते. बघायचं नाही असं ठरवूनच वर चढले होते. पातं टांगून फार वेळ झाला नव्हता आणि दादा म्हणाला, "जाऊ दे गं."

हात चालले. पातं उचललं, तेलात सोडलं. तेल फुसफुसलं, धुराचा लोट आला. दादा खालून काहीतरी बोलला, पण ते त्या आवाजात विरून गेलं. पातं बाहेर काढलं तर अणीकडे चांगलंच वाकलेलं. मी कानस लावून पाहिली. कडक पोलादावर कानस घसरते. माझी कानस पेन्सिलीत शिरावी तशी आत शिरली. पातं पुरतं तापलंच नव्हतं.

एखादं पातं मऊ राहिलं तर काही आभाळ कोसळत नाही. सरळ करायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा पाणी द्यायचं. दुसऱ्या आठवड्यात मी तेच केलं आणि ते उत्तम निघालं. पण त्या क्षणी माझ्या पोटात चार दिवसांचा राग साठलेला होता आणि तो बाहेर काढायला मला इतकी नामी जागा मिळाली. मी म्हणाले, "तुझे डोळे गेलेत, दादा. कबूल कर. बाबांच्या जागी आंधळा माणूस बसवून मला काम करायचं नाही."

दादा गुडघ्यांवरून उठला. त्याने माझ्याकडे, मग पात्याकडे बघितलं.

"असेल," एवढंच म्हणाला.

हातमोजे काढले, खुंटीला अडकवले आणि तोंड धुवायला गेला. दुसऱ्या दिवसापासून तो फटीपाशी बसला नाही. मला वाटलं, दोन दिवस रुसेल. तो रुसला नव्हताच. हसायचा, गप्पा मारायचा, पुढच्या खोलीत बसून मुठींना चामडं गुंडाळायचा. फटीपाशी ये म्हटलं की म्हणायचा, "नको. उगाच तुझी पाती वाया जायची." टोमणा असता तर मी परतवला असता. तो अगदी सरळ मनाने म्हणायचा.

मी नमतं घ्यायला हवं होतं. नाही घेतलं. पुढच्याच आठवड्यात मी तापमानाचा मीटर आणला. त्याची वायर भट्टीत सोडायची, आकडा ठरवून द्यायचा, तेवढं तापलं की मीटर शिटी मारतो. काम चांगलं व्हायला लागलं, हे कबूल करायला हवं. मी एकटीच ओट्यावर उभी राहायचे आणि शिटी झाली की पातं सोडायचे. दोन वर्षांनी दादाने मुठींचं कामही घरी नेलं. जाणंयेणं, जेवणंखाणं, आजारपणं, सगळं नेहमीसारखं चालू होतं. भेटला की जावयाची चौकशी करावी तसा तो मीटरची चौकशी करायचा. "बरा आहे ना? काही त्रास नाही ना देत?" मी हसायचे आणि घरी येताना मला रडू यायचं.

चौथा ठिपका ठोकायला आता मला कुणाची आडकाठी नव्हती. मी तो कधीच ठोकला नाही.

अशी सात वर्षं गेली.

गेल्या महिन्यात वहिनी घरच्या सुऱ्या आणि कात्री धारेला घेऊन आली. मी सहाणेवर बसले, ती स्टुलावर बसली आणि नेहमीप्रमाणे तिचं सुरू झालं. या वेळी तक्रार माझ्या भाचीची होती.

"पोरीचं आणि ह्यांचं वाजलंय," वहिनी म्हणाली. "आठ दिवस झाले, फोन नाही. मी म्हटलं, तुम्ही मोठे आहात, तुम्ही आधी बोला. बोलायला काही पैसे पडत नाहीत. ठिणगीच्या वेळी नाही का बोललात?"

"माझ्या वेळी? कधी?"

"अगं, ते ठिपक्याचं. चार दिवस घरात तोंड पाडून बसले होते. पाचव्या दिवशी सकाळी डबा हातात देताना मी म्हटलं, धाकटी आहे, तिने एक ठिपका मारला तर तुमचं काय बिघडतंय? तर म्हणाले, माझंही तेच चाललंय डोक्यात. आज सांगून टाकतो तिला, जाऊ दे गं, मार तुझा ठिपका." वहिनीने कात्री उघडून मिटून पाहिली. "सांगितलंच असेल की."

सहाण फिरत राहिली आणि सुरी माझ्या हातात नुसतीच धरलेली राहिली.

"सांगितलं," मी म्हणाले.

वहिनी गेल्यावर मी ओट्याच्या पायरीवर बसून राहिले. जाऊ दे गं. नऊ वर्षांत त्याने फटीपाशी बसून कधी 'गं' लावला नव्हता. बाबांनी कधी दादाला 'रे' लावला नव्हता. तो कामाचा शब्द होता, त्याला शेपूट नसायचं. दादा चार दिवसांची गाठ सोडत होता आणि माझे हात त्याच्या 'गं'ची वाट न पाहता चालले होते. पुढचं जे तेलाच्या आवाजात विरलं, ते ठिपक्याबद्दल होतं. मला माझीच इतकी लाज वाटली, की तिथे कुणी नसताना मी तोंड झाकून घेतलं.

सरळ उठून त्याच्या घरी जायचं आणि चुकले म्हणायचं, एवढं साधं होतं. पण नुसतं चुकले म्हणून माझं भागणार नव्हतं. मला तो फटीपाशी परत हवा होता. मी ज्या जागेवरून त्याला उठवलं, तिथे त्याला मीच बसवायचं होतं आणि त्याच्या शब्दावर पातं सोडायचं होतं. घरी जाऊन रडले असते तर त्याने माझी समजूत घातली असती, चहा पाजला असता आणि परत पाठवलं असतं.

म्हणून मी मीटरची वायर उपटली. मीटर ठणठणीत होता. वायर रुमालात गुंडाळून खणात ठेवली आणि दादाला फोन केला.

"मीटर गेला," मी म्हणाले. "तलवारबाजी शिकवणाऱ्या मास्तरांचं लांब पातं अडकलंय. उद्या येशील का?"

"येतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो सांगितल्यापेक्षा अर्धा तास आधी आला. धुतलेला शर्ट, दाढी केलेली. खुंटीवरचे हातमोजे मी कधी काढले नव्हते, ते त्याने झटकून घातले. पातं ऐरणीवर होतं. त्याने ते उचललं, शेपटावरून अंगठा फिरवला.

"तीनच?"

"तीनच," मी म्हणाले.

त्याने पातं परत ऐरणीवर ठेवलं. मी पडदे ओढले, तेल कोमट करून ठेवलं होतंच, गॅस पेटवला. भट्टी आतून लाल व्हायला लागली तसा दादा फटीपाशी जाऊन बसला. बसताना त्याचे गुडघे वाजले आणि आम्ही दोघंही हसलो. मी ओट्यावर चढले, पातं आत टांगलं. मला वाटलं, आता सगळं मार्गी लागेल. त्याने शब्द उच्चारायचा, मी पातं सोडायचं आणि भट्टी विझली की मी सगळं बोलून टाकायचं.

मी कान देऊन उभी राहिले.

वेळ गेला. इतकी वर्षं हेच काम केलं की अंगात एक घड्याळ तयार होतं. माझं घड्याळ म्हणत होतं, आता. दादा गप्प होता. मी म्हटलं, त्याची नजर माझ्या अंदाजापेक्षा पक्की. आणखी थोडं थांबले. ओट्यावरून माझ्या चेहऱ्याला झळ लागत होती. पातं जास्त तापलं तर आतून भुसभुशीत होतं, मग पाणी दिलं तरी कामाचं राहत नाही. दादा अजून गप्प होता. पेटलेल्या भट्टीपाशी दुसरं बोलायचं नसतं, पण मी बोलले.

"दादा?"

"ठिणगी," तो खालून म्हणाला, "मला दिसत नाहीये."

मी सांडशी वरच्या आकड्याला अडकवली, गॅस कमी केला आणि खाली उतरले. तो फटीपासून थोडा मागे सरकला होता. माझ्याकडे बघायला त्याने मान जरा तिरकी केली. तशी मान तो गेले कित्येक महिने करत होता आणि मला वाटत होतं, त्याची मान आखडली असेल.

"सरळ बघितलं की मधे डाग असतो," तो म्हणाला. "कडेकडेने दिसतं. फटीतून तर कडाच तेवढ्या लाल. डोळ्याचा पडदा गेलाय म्हणतात, त्याला उपाय नाही."

"मग आलास कशाला?"

"तू बोलावलंस म्हणून."

मला तिथेच बसकण मारून रडावंसं वाटलं, पण वर पातं टांगलेलं होतं. दादाच म्हणाला, "तू बघ. वर मी उभा राहतो. बाबांच्या वेळी मीच उभा असायचो." तो ओट्यावर चढला, हाताने आकडा चाचपला, सांडशी धरली. त्याची पकड बघून मला काळजी वाटली नाही. मी गुडघे टेकून फटीला डोळा लावला.

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तिथे बसत होते. मीटर आल्यापासून कुणालाच तिथे बसायची गरज उरली नव्हती. आतला रंग थोडा पुढे गेला होता, फार नाही. मी तो मागे येऊ दिला. शेपटाकडून अणीपर्यंत नारिंगीकडे झुकलेला लाल, सारखा, कुठे काळपट सावली नाही. इतकं सुंदर काही मी आमच्या कारखान्यात पाहिलं नव्हतं आणि मी माझ्या भावाला नको ते बोलून त्याच्यापासून तोडलं होतं. मला त्याला खूप काही सांगायचं होतं, सगळं ओठांवर आलं होतं. मी ओठ घट्ट मिटले. रंगाकडे बघत राहिले. रंग आला.

"जाऊ दे," मी म्हणाले.

पातं माझ्या डोळ्यांसमोरून वर गेलं आणि तेल फुसफुसलं. दादाने एक क्षणही घेतला नव्हता. तेलातून बाहेर आल्यावर पहिलं मिनिटभर पातं अजून ऐकतं, वळवलं तसं वळतं, तेवढ्यात सरळ करून घ्यावं लागतं. मी एक डोळा मिटून त्याच्या लांबीवरून नजर टाकली. "जरासं डावीकडे," मी म्हणाले आणि दादाने दोन फळ्यांमध्ये धरून हातांनी दाब दिला. "बास," मी म्हणाले. मग कानस लावली. ती काचेवरून घसरावी तशी घसरली. दादाने तो आवाज ऐकला आणि मान डोलावली. आम्ही पातं पुसून लांब ओव्हनमध्ये ठेवलं, कारण नुसतं कडक पातं काचेसारखं तुटतं, त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो. मी गॅस बंद केला. पडदे उघडले. दोघंही घामाने भिजलो होतो.

"दादा," मी म्हणाले, "त्या दिवशी तू पात्याबद्दल बोलत नव्हतास."

तो हातमोज्याचं एकेक बोट ओढून मोजे काढत होता. "हिने सांगितलं वाटतं."

"तू का नाही सांगितलंस?"

"भट्टी पेटलेली होती. तिथे दुसरं बोलायचं नसतं, हे काय मला माहीत नव्हतं? चूक माझीच होती." मोजे खुंटीला अडकवायला त्याने हात पुढे केला, खुंटी चुकली, मग सापडली. "आणि सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, सारवासारव करतोय."

म्हणाले असते. नक्की म्हणाले असते.

"सात वर्षं तुला चांगलं दिसत होतं," मी म्हणाले. "सात वर्षं, दादा."

"पाच," तो म्हणाला. "पाच वर्षं चांगलं दिसत होतं. गेल्या दोन वर्षांत गेलं." गिऱ्हाइकाला माप सांगावं तसं त्याने ते सांगितलं. तो खणापाशी उभा होता. तो खण त्याने उघडला असता तर रुमालात वायर होती. मी सांगितलं, की मीटर बिघडलेला नाही, वायर मीच काढली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तू आकड्याशिवाय फोन करणारी नाहीस. मीटर खरंच गेला असता तर तो कुठल्या आकड्यावर अडकलाय ते वाचून दाखवलं असतंस."

मी हसले, मग हसता हसता ते रडणंच झालं. दादाने मान तिरकी केली, मी नीट दिसावी म्हणून, आणि मला म्हणाला, "जाऊ दे गं."

या वेळी मी पूर्ण ऐकलं, 'गं'सकट. भट्टी विझलेली होती आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.